पाणबुडीच्या जीर्णोद्धाराची बातमी

कॅनडाहून आल्यापासून वसईत जो भेटतो तो एकच विचारतो, "काय इनास, नायगारा पाहिला?" पाहिला. पाणी वरून खाली पडतं, माणसं खालून वर फोटो काढतात, आणि लाल प्लास्टिकचा रेनकोट घालूनही आपण भिजायचे ते भिजतोच. झाला नायगारा. आता मला हॅलिफॅक्सचं सांगू द्या. आपल्याकडचं कुणी तिथे मुद्दाम गेल्याचं मी ऐकलेलं नाही. मी गेलो. आयुष्यभर गावच्या नाटकांत लोकांना हसवत आलो, पण तिथून परत येताना अख्ख्या वाटेत माझ्या तोंडून एक धड विनोद निघाला नाही.

मिसिसागा

माझी बहीण फिलू आणि तिचा नवरा आंतोन टोरंटोला चिकटून असलेल्या मिसिसागात राहतात. आंतोन भावोजींनी साठी ओलांडली आहे. ते बेसमेंटमध्ये दिवे लावून वांगी वाढवायचा प्रयत्न करतात आणि स्नो पडायच्या दोन महिने आधीपासून विंटर टायर्सची चर्चा सुरू करतात. पण तरुणपणी ते आपल्या नौदलात होते, आणि तेही साध्यासुध्या जहाजावर नव्हे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी सोव्हिएत युनियनने भारताला एक पाणबुडी भाड्याने दिली होती. अणुशक्तीवर चालणारी, पाण्याखालून क्षेपणास्त्रं सोडणारी. हो, भाड्याने! लग्नाला मंडप आणि खुर्च्या आणतो तशी. मुदत संपली की परत. ती चालवायला माणसं हवीत म्हणून काही निवडक पोरांना आधी व्लादिवोस्तोकला शिकायला धाडलं. त्यांत वसईचा हा आंतोन.

तिथे त्यांना मास्तर भेटले, व्हिक्टर पेत्रोविच. पेत्रोविच म्हणजे पेत्रचा मुलगा. रशियात आदराने हाक मारायची तर बापाचं नाव जोडतात. आपल्याकडे ते शाळेच्या दाखल्यावर आणि आईच्या शिव्यांमध्येच येतं. आंतोन हे नाव तिकडेही घरोघरी, त्यामुळे ह्या सावळ्या पोराला मास्तरांनी पहिल्याच दिवशी आपलासा केला.

पुढे सोव्हिएत युनियन मोडलं, पगार थांबले, आणि मास्तर मुलगी इरिनाला घेऊन कॅनडात हॅलिफॅक्सला आले. मुलगा सर्गेई तिकडेच राहिला. यथावकाश भावोजीही कॅनडाला अप्लाय करून आले. तेव्हापासून दर नव्या वर्षाला हे दोघं फोनवर रशियनमध्ये एकमेकांवर ओरडत, आणि फिलू दार लावून घेई.

मी पोचलो त्याच आठवड्यात इरिनाचा फोन आला. भावोजींनी तो स्पीकरवर टाकला. ती इंग्रजीत बोलत होती, म्हणून मलाही कळलं. मास्तर आता पंच्याऐंशीच्या घरात, वृद्धाश्रमात. डोकं कधी ताळ्यावर, कधी नाही. इंग्रजी पार विसरले होते. पण खरी अडचण वेगळीच होती. रोज संध्याकाळी ते कॉरिडॉरमधून फिरत, एकेका खोलीचं दार उघडून आत काहीतरी ओरडत, उत्तराची वाट बघत, आणि मग दार ओढून घेऊन मूठ घट्ट धरून उभे राहत. कुणी सोडवायला गेलं की ढकलत. एका मदतनिसाचं बोट दारात चेंगरलं. मॅनेजरबाईंनी शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर सुधारणा दिसली नाही तर मास्तरांना दोन तासांवरच्या गावी, कुलूपबंद वॉर्डात हलवणार.

इरिना आश्रमापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर राहते. रोज कामावरून सुटली की बापाला सूप भरवायला जाते. दोन तास लांब म्हणजे आठवड्यातून एकदा, तेही रस्त्यावर बर्फ नसला तर.

"पण ओरडतात काय?" भावोजींनी विचारलं.

"सगळीकडे बघा, असं काहीतरी. मला वाटलं त्यांचं काही हरवलंय. रोज कपाटं उपसते. दोन नवे चष्मे आणून दिले. आणि मग तुझं नाव घेतात. आंतोन, सहावा. सहावा काय, आंतोन?"

भावोजींनी खुर्चीच्या पाठीला हात लावला. "मी येतो," ते म्हणाले.

"येतो म्हणजे?" फिलू म्हणाली. "विमानात पाय तरी ठेवशील का?" कारण पाण्याखाली महिनोन्‌महिने राहिलेला हा गडी विमानाला घाबरतो. कॅनडाला आला तो डोळे मिटून आणि रोझरी धरून.

"ट्रेनने जाईन."

"मग ह्याला पण घेऊन जा," तिने माझ्याकडे बोट केलं. "वसईचा किल्ला आमच्या घरचा आहे असं माझ्या शेजारणींना सांगत सुटलाय हा. एक जण विचारत होती, भाडं किती येतं."

गाडीत

मॉन्ट्रियलला गाडी बदलायची होती. मी स्टेशनातल्या काउंटरवर रुबाबात "बोंजूर" म्हणालो. त्या बाईंनी ते खरं धरलं आणि फ्रेंचचा जो पट्टा सोडला, त्यावर मी प्रत्येक वाक्याला "वी, वी", म्हणजे हो हो, म्हणत गेलो. कॉफी मागायला गेलो होतो, हातात वाटाण्याचं सूप आलं. सूप चांगलं होतं. भावोजींना सांगितलं की मला तेच हवं होतं.

सकाळी जाग आली तेव्हा बाहेर न्यू ब्रन्सविक नावाचा प्रांत चालला होता. नोव्हेंबर. पानं सगळी झडलेली, मैलोगणती करड्या काड्या, मधेच एखादं घर, घरापुढे होडी उलटी घातलेली, आणि माणूस औषधालाही नाही. मग एकाएकी खाडी आली. शिशासारखं पाणी आणि वर ढग टेकलेले. वसईच्या किनाऱ्यावर एवढ्या वेळात दहा जण ओळखीचे भेटून चहा झाला असता.

मी न्याहारीला सुकेळी काढली. राजेळी केळी उन्हात सुकवून पानात बांधलेली, आमच्या वसईची शान. टोरंटोच्या विमानतळावर अधिकाऱ्याने ती हातात धरून विचारलं होतं, हे काय? मी म्हणालो, "बनाना, सर. रिटायर्ड." त्याने जाऊ दिलं.

भावोजींनी मात्र सुकेळं खायचं सोडून समोर स्टीलचा ग्लास ठेवला. "तुला सांगतो, बघ. अगदी पहिल्या बोटी होत्या ना, त्यांना क्षेपणास्त्र सोडायला पाण्याच्या वर यायला लागायचं." पाणबुडीवरची माणसं तिला पाणबुडी म्हणतच नाहीत, बोट म्हणतात. "वर यायचं, नळ्या उभ्या करायच्या, तेवढा वेळ सगळ्या जगाला दिसत बसायचं."

"म्हणजे वॉशरूमचं दार उघडं टाकून…"

"इनास! सिरियसली ऐक. मग आमच्यासारख्या आल्या. पाण्याखालूनच सोडायचं. नंतर त्यांनी राक्षस बांधले, राक्षस. दोन्ही कुशींना मिळून चोवीस नळ्या, एकेक क्षेपणास्त्र छोट्या विमानाएवढं." त्यांनी स्टेशनवर घेतलेलं जाडजूड केळं ग्लासात उभं केलं. "शत्रूची विमानं वाहणारी मोठी जहाजं बुडवायला. मास्तर बोटीवरून उतरले, आम्हाला शिकवून झाले, की मग ह्याच राक्षसांवर होते, दुरुस्तीच्या गोदीत."

"आणि आता?"

"आता गंमत." त्यांनी केळं उपसलं आणि त्याच ग्लासात तीन सुकेळी सारली. आरामात बसली. "नळी जुनीच. आत नवं अस्तर. एका जाड्याच्या जागी तीन बारीक, जास्त लांब जाणारी, जास्त जलद. आवाज कमी करायचा, पाण्यातले आवाज टिपणारे कान नवे बसवायचे, संगणक बदलायचे. बोट माझ्या लग्नाएवढी जुनी, पण दात नवेकोरे."

समोरच्या सीटवर एक फ्रेंच आजीबाई हे सगळं टक लावून बघत होत्या. त्यांना एक क्षेपणास्त्र दिलं. त्यांनी चावून "त्रे बों", फारच छान, म्हटलं.

भावोजींनी फोनवर एक फोटो उघडून दाखवला. कुठल्याशा बातमीत आलेला. काळी, बोजड, व्हेलसारखी वस्तू गोदीत उभी, भोवती मचाण. "व्लादिवोस्तोकच्या पलीकडच्या खाडीतली गोदी. मास्तरांचीच. वर्षानुवर्षं तिथे काम चाललंय, आता बोटी एकेक करून बाहेर यायच्या. आणि मास्तरांना काय वाटतंय? सगळ्या भंगारात गेल्या. मधे कॅनडानेच पैसे दिले होते तिकडच्या जुन्या पाणबुड्या कापायला. मास्तर दुभाषी म्हणून कॅनडावाल्यांबरोबर जायचे. ज्या बोटींवर आयुष्य काढलं त्या कापताना उभं राहायचं, विचार कर. त्यांना मी सांगणार आहे, मास्तर, जीर्णोद्धार झाला!"

आमच्या गावच्या चर्चचा जीर्णोद्धार झाला तेव्हा भावोजींनी मिसिसागाहून देणगी पाठवली होती आणि नव्या घंटेचा आवाज फोनवर ऐकून घळाघळा रडले होते. तो शब्द उच्चारतानाच त्यांचा आवाज मऊ होतो.

"रशियनमध्ये जीर्णोद्धाराला काय म्हणतात?" मी विचारलं.

ते अडले. "ते नाही येत. माझं रशियन बोटीवरचं. झडप बंद कर, दाब किती, चहा आण. पण सांगेन मी बरोबर."

मी टाळी दिली. म्हाताऱ्या माणसाला त्याचं हातचं काम अजून चालू आहे हे कळणार, ह्याहून चांगली भेट कोणती न्यावी, असंच मलाही वाटत होतं.

हॅलिफॅक्स

इरिना स्टेशनवर आली होती. उंच, केस पिकलेले, पन्नाशीची बाई, हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला. घरी नेलं तर दारातच चपला काढायला लावून पायात सपाता दिल्या. मला एकदम घरी आल्यासारखं झालं. मग जेवण आलं आणि घर पुन्हा दूर गेलं. बिटाच्या सुपावर शेपू. बटाट्यावर शेपू. खारवलेल्या माशावर शेपू. लहानपणी शेपूची भाजी झाली की मी चिंचेच्या झाडावर जाऊन बसायचो. इथे नोव्हेंबरात झाडंही बोडकी. खाल्लं.

"सर्गेई कसा आहे?" भावोजींनी विचारलं.

"बरा आहे. तिकडच्या गोदीत मासेमारीच्या बोटी दुरुस्त करतो," इरिना म्हणाली, आणि मला आणखी बटाटे वाढले.

पाच वाजता बाहेर मिट्ट काळोख. आम्ही आश्रमात गेलो. लांब कॉरिडॉर, दोन्ही बाजूंना दारं, उकडलेल्या कोबीचा वास. तिथली मदतनीस सिमरन, लुधियानाची. आम्हाला बघून तिला हायसं वाटलं. "आप इंडिया से हो? अंकल जी बहोत अच्छे हैं जी, बस शाम को पता नहीं क्या हो जाता है." बोटाला पट्टी तिच्याच होती.

आणि मास्तर आले. हडकुळे, ताठ, स्वेटर उलटा घातलेला. पहिल्या खोलीचं दार उघडून खणखणीत आवाजात म्हणाले, "अस्मत्रेत्सा व अत्सेकाख!"

मला वाटलं आतल्या बाईंना शिवी हासडली.

भावोजी माझ्या शेजारी उभे होते. ते कधी ताठ झाले मला कळलंच नाही. पोट आत, हात बाजूला. कॉरिडॉरच्या ह्या टोकाहून त्यांनी रशियनमध्ये काहीतरी आरोळी दिली, आणि मास्तरांच्या हातातून दाराची मूठ सुटली.

ते हळूहळू चालत आले. भावोजींच्या अगदी जवळ येऊन चेहरा निरखला. गालाला हात लावला. "आंतोन," ते म्हणाले. "शेस्तोय." सहावा.

मग ते सूप प्यायला बसले. सगळं. इरिना चमचा धरून बापाकडे आणि भावोजींकडे आळीपाळीने बघत राहिली. भावोजींनी तिला समजावलं ते असं. बोट लोखंडी भिंतींनी कप्प्या-कप्प्यांत विभागलेली असते. मधे जाड दारं. बोट पाण्याखाली गेली की कप्तान हुकूम देतो: आपापला कप्पा बघून घ्या. कुठे गळतंय का, धूर आहे का. मग पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकेक कप्पा उत्तर देतो, कप्पा पाहिला, तक्रार नाही. सगळी उत्तरं आली की मगच बाकीचं आयुष्य सुरू. भावोजी सहाव्यात असायचे, यंत्रांच्या.

"मास्तर रोज विचारतायत आणि कुणी उत्तरच देत नाही," भावोजी म्हणाले. "बोटीवर एकाही कप्प्याचं उत्तर आलं नाही म्हणजे काय, तुला कल्पना नाही."

इरिनाने चमचा खाली ठेवला. "आणि मी चष्मे आणून देत होते. कामाबद्दल घरी एक अक्षर बोलले नाहीत कधी. एक अक्षर."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही नाटक बसवलं. माझं क्षेत्र! उत्तराचे शब्द होते 'झामेचानी न्येत'. भावोजी म्हणाले, लक्षात ठेवायला सोपं आहे, 'जमेचना' म्हणायचं आणि पुढे 'न्येत'.

"सगळं ठीक आहे हे सांगायला जमेचना म्हणायचं?"

"हो. त्यात काय?"

सिमरनला पहिला कप्पा दिला. ती "जमेचानी नेत, अंकल जी!" असं भांगड्याच्या सुरात म्हणे. इरिना दुसरा. तीन नंबरच्या खोलीत एक म्हातारे कोळी होते, त्यांना रशियन झेपेना, ते "ऑल गुड, स्किपर!" ओरडत. मास्तर तेही चालवून घेत. चौथा आणि पाचवा सिमरनच्या मैत्रिणींकडे. सहावा अर्थातच भावोजी. मला सातवा, शेपटाकडचा. जन्मभर मला शेवटचीच एंट्री मिळत आली आहे. मी माझं वाक्य अशा काही फेकीने टाकत असे की मास्तर मान वळवून बघत.

उत्तरं पूर्ण झाली की ते मान हलवत, दारं उघडी टाकून जेवायला जात आणि शांत झोपत. मॅनेजरबाई दोन संध्याकाळ दाराआडून बघून गेल्या. गुरुवारी सकाळी त्यांनी इरिनाला सांगितलं, असंच चाललं तर हलवायचं कारण नाही. इरिनाने आम्हाला डोनेर खायला नेलं. पोळीत मांस आणि वर दुधाचा गोड रस्सा; हॅलिफॅक्सवाल्यांचा जीव आहे त्याच्यावर. हनुवटीवरून ओघळलं, तिने पुसायला कागद दिला आणि मोठ्याने हसली. तिला हसताना मी तेवढंच पाहिलं.

तिथून बंदरावर गेलो. नौदलाच्या गोदीत करडी जहाजं उभी होती. वारा असा की बोलायला तोंड उघडलं तर दात दुखत. भावोजी म्हणाले, कॅनडाच्या पाणबुड्याही दुसऱ्या देशाकडून जुन्याच घेतलेल्या. आता सगळेच नव्या घ्यायच्या म्हणतात. इरिना पाण्याकडे बघत म्हणाली, "मी लहान असताना आमच्या खाडीतही असंच दिसायचं. मला वाटलं होतं ते एकदाचं संपलं."

भावोजींनी माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. मास्तरांना द्यायची बातमी अजून त्यांच्या खिशात होती.

गुरुवारची दुपार

मास्तरांचं डोकं त्या दुपारी अगदी स्वच्छ होतं. खिडकीशी बसले होते. इरिना त्यांची नखं कापत होती. भावोजींनी खुर्ची ओढली, फोन काढला आणि तो फोटो समोर धरला.

"लोदका व स्त्रायू," ते म्हणाले. बोट कामावर रुजू आहे.

मास्तर हसले. पोरगं थट्टा करतंय असं त्यांना वाटलं असावं. मग फोन हातात घेतला. बोटाने चित्र मोठं केलं, बाजूला सरकवलं. बोटीमागची क्रेन बघितली. क्रेनवरच जास्त वेळ थांबले. भावोजी उत्साहाने सांगत होते, मोडक्या रशियनमध्ये आणि हातवाऱ्यांनी: जुनी नळी, एकाच्या जागी तीन. तीन बोटं वर धरली.

मी नटमंडळीतला आहे. टाळ्या पडायच्या आधीची शांतता मला ओळखता येते. ही ती नव्हती. माझा हात भावोजींच्या बाहीपर्यंत गेला, पण ते टाळ्यांची वाट बघत होते.

मास्तर इरिनाकडे वळले आणि एकच शब्द बोलले. "सिर्योझा?"

सर्गेईचं घरातलं नाव. इरिनाच्या हातातली कात्री थांबली. त्यांनी पुन्हा काहीतरी विचारलं. शांतपणे, जसं मास्तर पोराला गणित चुकल्यावर विचारतात. ते काय म्हणाले ते तिने आम्हाला नंतर सांगितलं: "त्या गोदीत मासेमारीच्या बोटी कधीपासून घ्यायला लागले?"

मग ती बोलू लागली, भराभर, बापाचा हात धरून. त्या गावात दुसरं काम नाही. त्याला दोन मुलं आहेत. तो म्हणाला होता, बाबांना सांगू नकोस. मास्तर ऐकत होते. मधेच त्यांनी स्वतःच्या बोटांवर मोजत चार वाक्यं म्हटली, आणि ती भावोजींनाही समजली, कारण शब्द बोटीवरचेच होते. मी बांधल्या. मी चालवायला शिकवल्या. मी कापल्या. आता माझा मुलगा.

भावोजी माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, "मला वाटलं खूश होतील रे. आपल्या हातचं काम…" त्यांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

संध्याकाळी मास्तरांनी हुकूम दिला. सिमरनने उत्तर दिलं. इरिनाने दिलं. कोळीबुवांचं "ऑल गुड" झालं. चौथा, पाचवा. भावोजी. मी. त्या दिवशी मी काही फेक केली नाही, सरळ म्हणालो.

मास्तर कॉरिडॉरच्या मधोमध उभे राहून ऐकत होते. सातही उत्तरं संपल्यावर त्यांनी मान हलवली ती नकाराची. "यस्त," ते म्हणाले.

"काय?" मी कुजबुजलो.

"आहे," भावोजी म्हणाले. "तक्रार आहे म्हणतायत."

कुणाला काही सुचायच्या आत ते चादरी-टॉवेलांच्या खोलीत शिरले आणि दार आतून ओढलं. मुठीला चादर पिळून त्यांनी ती आतल्या मांडणीच्या खांबाला बांधली होती. अशी गाठ, की बाहेरून तिघांनी जोर लावला तरी दार हललं नाही. सिमरन रडत म्हणत होती, "अंकल जी, खोल दो ना, प्लीज." भावोजी दाराला तोंड लावून रशियनमध्ये बोलले, मग मूठ सोडून मागे सरले. शेवटी अग्निशमन दलाची माणसं आली आणि बिजागऱ्या काढून दार बाजूला ठेवलं. मास्तर घडी केलेल्या टॉवेलांवर बसले होते. अंगावर ओरखडाही नव्हता. कुणाकडे न बघता चादरीचं टोक धरून होते.

मॅनेजरबाई भल्या होत्या. त्यांनी इरिनाला मिठी मारली. पण आत आग लागली असती तर, असं त्या म्हणाल्या, आणि दोन तासांवरच्या त्या वॉर्डाला फोन लावला.

दोन तासांवर

शनिवारी निघायचं ठरलं. सामान म्हणजे एक बॅग. दाराशी आल्यावर इरिनाने सगळ्यांना खाली बसायला लावलं. प्रवासाला निघण्याआधी क्षणभर गप्प बसायचं, अशी त्यांची रीत. आपण निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, तसंच काहीसं. सिमरन पलंगाच्या कडेला बसली, भावोजी आणि मी बॅगेच्या दोन बाजूंना, जमिनीवर. मास्तरही बसले. हिशेब ठेवायला कुणी नव्हतं, पण तो क्षण बराच लांबला, कारण पहिलं उठायला कुणीच तयार नव्हतं.

रस्ता सुंदर होता असं मी लिहायला हवं. तळी होती, पाइनची झाडं होती. इरिना गाडी चालवत होती आणि मास्तर तिच्या शेजारी, मांडीवर हात ठेवून. भावोजी मागे माझ्याजवळ. वाटेत ते म्हणाले, "चर्चचं झालं तेव्हा किती छान वाटलं होतं, नाही?" मी हो म्हणालो.

नवीन जागा स्वच्छ होती. वॉर्डाचं दार मात्र वेगळं. जाड, करडं, धातूचं, कडेने काळं रबर, बाजूला आकडे दाबायची पाटी आणि वर वीतभर काच. आतली नर्स दार धरून उभी राहिली. मास्तर आत गेले आणि थबकले. त्यांनी दाराच्या कडेवरून, रबरावरून तळवा फिरवला. बिजागरी चाचपली. आणि त्या गुरुवारनंतर पहिल्यांदा समाधानाने मान हलवली.

इरिना सुपाचा थर्मास घेऊन त्यांच्या मागोमाग आत शिरत होती. त्यांनी तिच्या खांद्याला धरलं, कपाळाचं चुंबन घेतलं, आणि तिला हलकेच बाहेर लोटलं. मग भावोजींना. मी तर बाहेरच होतो. नर्स काही म्हणायच्या आत त्यांनी दोन्ही हातांनी दार लोटलं. पाटीवर लाल दिवा लागला. काचेपलीकडून ते भावोजींकडे बघत दोन शब्द बोलले. पुन्हा तेच बोलले.

"कप्पा बंद, म्हणाले ना?" इरिनाने भावोजींना विचारलं. "शब्द कळले मला. रागावलेत का माझ्यावर? सिर्योझाबद्दल?"

"नाही नाही," भावोजी म्हणाले. "बोटीवर असं सांगायची पद्धत होती. रुटीन आहे."

ती काचेवर बोटांनी टकटक करू लागली. "पापा. पापा, सूप."

मी भावोजींना थोडं बाजूला घेतलं. "रुटीन आहे?"

त्यांनी तिच्याकडे पाठ केली. "पाणी शिरलं ना, की ज्या कप्प्यात शिरलं त्यातलीच माणसं आतून दार लावून घेतात," ते मराठीत म्हणाले. "बाहेरची वाचावीत म्हणून. मग बाहेरून कुणी कितीही ठोठावलं, तरी उघडायचं नसतं."

इरिना ठोठावत होती.